वऱ्हाडाच्या ट्रकचा उजेड

॥ श्री ॥

देवळी
९ एप्रिल १९७९

तीर्थरूप सासूबाईंच्या चरणी सौ. नलूचा शि. सा. न. वि. वि.

चंद्रपूरहून तुमचं कार्ड मिळालं. शकूताईंना मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत, हे वाचून मामाजींनी नातीच्या नावानं अख्ख्या आळीत गूळ-फुटाणे वाटले. रंग कसा, जावळ किती, रडते की झोपते, हे तुम्ही काहीच लिहिलं नाही. पुढच्या पत्रात सविस्तर कळवावं. मामाजींचं जेवणखाण वेळेवर होतं, काळजी नसावी.

आता दुसरी बातमी. ही बसून वाचावी, पण घाबरू नये, घाबरण्याची वेळ निघून गेली आहे. परवा सेलूच्या लग्नात दोन्हीकडच्या मंडळींचा एकत्र फोटो घ्यायला हे टेबलावर बाक ठेवून त्यावर चढले. बाक कलंडला. पडताना यांनी कॅमेरा डाव्या हातानं वर धरला अन् सगळं अंग उजव्या हातावर घेतलं. कॅमेऱ्याला ओरखडासुद्धा नाही. यांचं मनगट मोडलं. वर्ध्याला नेऊन प्लास्टर घातलं, अन् ही लग्नसराई संपेपर्यंत हात हलवायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलं. मी दवाखान्यात पोचले तेव्हा यांनी आधी कॅमेऱ्याची चौकशी केली, मग आतल्या रोलची. माझा नंबर तिसरा लागला.

आपलं दुकान बसस्टँडजवळ येऊन अजून तीन वर्षंही झाली नाहीत, हे तुम्ही जाणताच. वर्षाची कमाई म्हणजे या दोन महिन्यांतली लग्नं अन् साखरपुडे. हे म्हणतात की सगळी कामं वर्ध्याच्या फोटोवाल्याला देऊन टाकू. पण एकदा तिकडे गेलेलं गिऱ्हाईक पुन्हा आपल्या पायरीवर येणार नाही, हे त्यांनाही कळतं. काल दिवसभर ते बंद कॅमेरा मांडीवर घेऊन बसले होते. ते बघवत नाही.

म्हणून विचारते. लग्न होऊन आल्यापासून डार्करूममधलं रोल धुणं, फोटो छापणं मीच करते. तुम्हाला ठाऊक नाही ते एवढंच, की दुपारी गिऱ्हाईक नसलं की यांनी मला कॅमेराही शिकवला आहे. कॅमेऱ्यात वरून काचेत बघायचं असतं, अन् काचेत डावीकडचं उजवीकडे दिसतं. पहिले दोन महिने मी माणूस धरायला जायची अन् भिंत धरायची. आता हात बसला आहे. येत्या कामांना मी जावं का? हे सोबत खुर्ची टाकून बसतील. मामाजींना विचारलं तर ते म्हणाले, तुह्या सासूले विचार, मले त्यातलं समजत नाई.

परवानगीची वाट पाहते. बाळीला माझ्यातर्फे काजळाचं बोट लावावं.

आपली,
नलू

—

चंद्रपूर
१४ एप्रिल

चि. सौ. नलूस रुख्माबाईचे उदंड आशीर्वाद. सांगणारी मी, लिहिणारी शकू. बाळंतिणीनं डोळ्याले ताण देऊ नाई, पण माहा चष्मा देवळीले राह्यला, मंग काय करतं.

तुहं पत्र आलं तवापासून माह्या घशाखाली घास उतरून नाई राह्यला. रूपरावले हळदीचं दूध देत जाजो. त्याले म्हनजो, कॅमेरा दुसरा येते, हात दुसरा येत नाई. लहानपनी चिंचेवरून पडला तवाबी त्यानं चिंचाच वर धरल्या होत्या.

बाकी तू जे विचारलं त्याचं उत्तर नाई असं हाय. तू त्या काळ्या खोलीत काय करते त्याले मी कधी बोल लावला नाई, ते घरातलं काम हाय. पन मांडवात चार गावचे लोक राहते. तिथी आपली सून टेबलावर चढन, पदर कुठी जाईन त्याचा पत्ता राहनार नाई, अन् बाप्ये खालून पाहत राहतीन. लोक म्हनतीन, रुख्माबाईनं सुनेले कमवाले लावलं. मी त्या गावात कोन्या तोंडानं फिरू. एक वर्ष कामं गेले तं गेले. वर्ध्याच्या फोटोवाल्याले सांगून दे.

बाळी गव्हाळ हाय, जावळ दाट हाय. रडते कमी, पाहते जास्त.

राग मानू नको, पन नाई म्हंजे नाई.

तुही सासू,
रुख्माबाई

वरचं आईचं, इथून पुढचं माझं. चष्मा नसल्यामुळे आई फक्त ओळी मोजते, वाचत नाही, म्हणून निर्धास्त लिहिते. वहिनी, तू जा. माझ्या लग्नाचा अल्बम आठव. दादा पाहुण्यांत अडकलेला अन् फोटोवाला परका पुरुष, म्हणून मला मान वर करू दिली नव्हती. प्रत्येक फोटोत माझ्या भांगाची रेघ तेवढी आली आहे. इथे शेजारणीला अल्बम दाखवला तर तिनं विचारलं, यात तू कोणती? मी आईला गोडीगुलाबीनं सांगून बघते. तू थांबू नकोस.

तुझी,
शकू

—

देवळी
२१ एप्रिल

तीर्थरूप सासूबाईंना नलूचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचं नाही मला बुधवारी मिळालं. त्याआधी मंगळवारी मी एक साखरपुडा करून आले होते. लपवून ठेवणं मला जमणार नाही म्हणून लगेच लिहिते आहे. तुमच्या उत्तराची वाट पाहायला हवी होती हे खरं, पण साखरपुडा आमच्यासाठी थांबणार नव्हता.

आपल्या गावातले प्रेमदास मास्तर, त्यांच्या मुलीचा. मास्तर दुकानात आले, यांचा हात पाहिला अन् दुसरा फोटोवाला सांगा म्हणण्याऐवजी माझ्याकडे वळून म्हणाले, बाई, तुमी काढता ना डब्यातून फोटो छापून, मंग डब्यात टाकता काऊन येनार नाई? त्यांच्या घरी समोरच्या खोलीत बुद्धाच्या अन् बाबासाहेबांच्या तसबिरीला हार, खाली सतरंजी, मंडळी दाटीवाटीनं बसलेली. वंदना झाली अन् मी कॅमेरा उघडला. पण मी डावीकडे धरायला गेले की काचेतली नवरी उजवीकडे सरकायची. मास्तरांच्या घरच्या कमलाबाई पुढे आल्या, माझ्या खांद्यावर हात ठेवला अन् म्हणाल्या, सावकाश होऊ द्या, आमी कुठी पळून चाललो. त्यानंतर नवरी काचेत बरोबर मधोमध आली.

अंगठी घालताना ती मुलगी सरळ माझ्याकडे बघून हसली. सासूबाई, त्या एका क्षणी बटण दाबलं तेव्हा मला कळलं की आलं, हे आलं. घरी येऊन रोल धुतला. एका फोटोत मास्तरांचं डोकं अर्धंच आलं अन् एकात सगळ्यांचे फक्त पाय. बाकीचे सगळे स्वच्छ. यांनी ओले फोटो दिव्यापाशी धरून पाहिले. मग म्हणाले की मी इतकी वर्षं नवरीला मान वर कर म्हणतो, माझं कोणी ऐकत नाही.

आता सिंदीचं लग्न. अण्णाजी कापूसवाल्यांच्या लेकीचं, अठ्ठावीस तारखेला, गोरज मुहूर्तावर. वऱ्हाड आर्वीहून यायचं आहे. एवढं मोठं काम दुकानाला आजवर मिळालेलं नाही. यांनी डाव्या हातानं काढून पाहायचं ठरवलं, दुपारभर मामाजींवर सराव केला. मामाजी एकाही फोटोत आले नाहीत. अण्णाजींना मी स्वतः निरोप पाठवला की फोटो मी काढणार. ते कचरले, पण त्यांच्या लेकीनं हट्ट धरला, म्हणून हो म्हणाले.

तुमचा शब्द मोडते आहे हे मला कळतं. परत आल्यावर काय बोलायचं ते बोला, मी खाली मान घालून ऐकेन. पण सिंदीला मी जाणार. पदर कमरेला घट्ट खोचून घेईन, तो कुठे जाणार नाही याची हमी देते.

रागातही जिव्हाळा असू द्यावा.

आपलीच,
नलू

—

चंद्रपूर
२७ एप्रिल, घाईत

प्रिय वहिनी, स. न.

कार्डावर जागा कमी अन् बातमी मोठी. तुझं पत्र आईला मीच वाचून दाखवलं. गोड करून वाचलं, तरी अठ्ठावीस तारीख, सिंदी अन् गोरज हे शब्द तिनं बरोबर टिपले. माझ्या सासूबाई कालच गावाहून आल्यात, म्हणून बाळीची चिंता नाही. आईनं बोचकं बांधलं अन् उद्या पहाटेच्या गाडीनं निघते म्हणते. वर्ध्याला गाडी बदलून थेट सिंदी. मी विचारलं, देवळीला का नाही? तर म्हणाली, तिले मांडवातूनच घेऊन येतो.

हे कार्ड तिच्याआधी पोचेल असं काही वाटत नाही. तरी टाकते. दादाला सांभाळ, स्वतःलाही.

तुझी,
शकू

—

देवळी
२ मे १९७९

चि. सौ. शकूताईस नलूचे अनेक आशीर्वाद, अन् माझ्या भाचीला गालगुच्चा.

तुमचं कार्ड काल आलं. सासूबाई त्याच्या तीन दिवस आधी पोचल्या. तुम्ही श्वास रोखून वाट पाहत असाल म्हणून सगळं पहिल्यापासून लिहिते.

आम्ही आदल्या दिवशीच सिंदीला गेलो. हळदीला मी बायांच्या घोळक्यात आत गेले. कोणी तोंड फिरवलं नाही. अण्णाजींच्या बहिणीनं माझ्याही गालाला हळद फासली अन् मी तशाच गालानं फोटो काढले. यांना आत येता आलं नसतं, ते बाहेरून हाका मारून कॅमेऱ्यावर लावायचे उजेडाचे आकडे सांगत होते. बायांना वाटलं नवरा जेवणाचं विचारतो आहे, म्हणून त्यांनी दोनदा ताट पाठवलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळ व्हायच्या आधी आर्वीचं वऱ्हाड ट्रकनं आलं. मांडव रस्त्याला लागून होता, ट्रक बाजूलाच उभा केला. बोहल्यासमोर मी तिपाई लावली, फ्लॅशची वायर अण्णाजींच्या ओसरीतल्या बटणाला जोडली, कारण आमचा फ्लॅश घरच्या विजेच्या लाईनीवर चालतो. सगळं तयार झालं अन् मी मान वर केली, तर मांडवाच्या दाराशी सासूबाई. काखेत बोचकं, लुगड्यावर धूळ. त्यांनी बोटानं खूण केली, ये इकडे. शकूताई, मी एवढी धीट होऊन गेलेली, पण कमरेला खोचलेला पदर आपसूक सोडला अन् डोक्यावर घेतला.

मी निघणार इतक्यात नवरदेवाचे वडील प्रभाकररावजी तिपाईशी आले. माझ्याकडे बघितलंही नाही. अण्णाजींना सगळ्यांदेखत म्हणाले की फोटोसाठी बाई उभी केली, या लोकायच्या घरी मानूस नाई का एखादा? वऱ्हाडातले चारदोन जण हसले. हे खुर्चीवरून उठले, पण गळ्यात हात बांधलेला माणूस किती बोलणार. अण्णाजी व्याह्यापुढे नुसते हात जोडून उभे.

तेव्हा मागून सासूबाईंचा आवाज आला. त्या पुढे येऊन प्रभाकररावजींच्या समोर उभ्या राहिल्या. म्हणाल्या की मानूस हाय ना, तुमच्या समोर उभी हाय. माह्या घरचं काम माह्या घरचं मानूस करते. सून का घरचं मानूस नोहे? मग बोचकं माझ्या तिपाईच्या पायाशी ठेवून मला म्हणाल्या, पाहत काय राह्यली, काढ.

मी काचेत बघितलं, तर सगळं धूसर. आधी डोळे पुसावे लागले.

मंगलाष्टकं सुरू झाली. दोन झाली असतील अन् लाईन गेली. सगळ्या सिंदीची. बोहल्याजवळ एक गॅसबत्ती होती तेवढाच प्रकाश, अन् फ्लॅश मेलेला. बाहेर तांबूस उजेड होता, तोही उतरत चाललेला. हे म्हणाले की संपलं, आता काही येणार नाही. मला मात्र रस्त्याकडेला तो ट्रक दिसत होता. मी सासूबाईंच्या कानात सांगितलं की ट्रकचं तोंड बोहल्याकडे केलं अन् दिवे लावले तर फोटो येतील. ट्रक वऱ्हाडाचा, म्हणजे शब्द प्रभाकररावजींचा लागणार. मला वाटलं सासूबाई कचरतील. त्या सरळ गेल्या अन् म्हणाल्या की तुमच्या लेकाचं लग्न अंधारात राह्यते, ट्रक फिरवा, मंग माह्यावर पाहिजे तेवढे रागवा. प्रभाकररावजींच्या शेजारी त्यांच्या घरच्या वच्छलाबाई उभ्या होत्या. आतापर्यंत त्यांनी तोंडातून शब्द काढला नव्हता. त्या एवढंच म्हणाल्या, फिरवा ना हो.

ड्रायव्हर मांडवामागं आचाऱ्यापाशी जेवायला बसला होता. प्रभाकररावजी धोतर सावरत स्वतः केबिनमध्ये चढले. ट्रक दोनदा मागं-पुढं झाला, मांडवाचा एक बांबू आडवा झाला, अन् मग दोन्ही दिवे एकदम बोहल्यावर पडले. उजेड इतका पांढरा की नवरीनवरदेवानं डोळे गच्च मिटले. मी ओरडले की समोर धोतर धरा. दोघांनी कोरं धोतर ताणून दिव्यांपुढे धरलं अन् उजेड मऊ झाला, थेट आपल्या खिडकीतल्या दुपारसारखा. भटजी समजूतदार निघाले. माझी तिपाई बसेपर्यंत त्यांनी एक मंगलाष्टक वरचं म्हटलं.

अंतरपाट दूर झाला. माळ घालताना हलू नका, मी सांगेपर्यंत कोणीच हलू नका, असं सासूबाईंनी सगळ्यांना खणखणीत सांगितलं. सगळा मांडव जागच्या जागी थांबला. अक्षता मुठीत, वाजंत्रीवाल्यांची बोटं हवेत. ट्रकची घरघर तेवढी ऐकू येत होती. फ्लॅशविना फोटोला वेळ द्यावा लागतो, म्हणून मी बटण दाबून धरलं, मनातल्या मनात मोजलं अन् सोडलं. मग अक्षतांचा नुसता पाऊस.

परतीच्या गाडीत सासूबाई बोचकं मांडीवर घेऊन खिडकीबाहेर बघत बसल्या. मी रागाची वाट पाहत बसले. घरी आल्यावर रोल धुतला अन् फोटो छापायला डार्करूममध्ये शिरले, तर त्या मागोमाग आल्या. त्या खोलीत त्या कधी पाय ठेवत नव्हत्या. लाल दिव्यात उभ्या राहिल्या. कागद औषधाच्या पाण्यात सोडला अन् हळूहळू माळ आली, मग नवरीचे हात, मग तिचा वर केलेला चेहरा. सासूबाईंनी माझं कोपर घट्ट धरलं. म्हणाल्या, हे पाह्य, पोट्टी पाहून राह्यली. एवढंच. कितीतरी वेळानं त्यांनी कोपर सोडलं.

तुमच्या दादांनी सगळा रोल पाहिला अन् जाहीर केलं की यातला एकही फोटो त्यांना जमला नसता. हे वाक्य मी जपून ठेवते आहे, पुढेमागे भांडणात कामी येईल.

तब्येत जपा. माया आहे तशी राहू द्या.

तुमची वहिनी,
नलू

—

देवळी
३० मे

चि. सौ. शकूस आईचे अनंत आशीर्वाद. नातीले पापा. हात नलूचा, बोलनं माहं. चष्मा सापडला, पन आता लिवाले सवड कोनाले हाय.

तू दोन कार्डं टाकले, मी उत्तर नाई दिलं, त्याचं कारन आयक. आर्वीचे प्रभाकरराव अल्बम न्याले सोता आले, वच्छलाबाईले घेऊन. मी म्हटलं, आता हा मानूस काय बोलते त पाहू. चहा झाला. त्यानं एक एक पान उलटून पाह्यलं, ट्रकच्या उजेडाच्या फोटोवर लै येळ थांबला. त्यात मागच्या बाजूनं वच्छलाबाई हासून राह्यली, दात दिसतीन एवढी. तो बायकोले म्हने का मी तुले अशी हासतानी कधी पाह्यलं नोतं. मंग नलूकडे वळला, खाली पाहून म्हने, बाई, माह्या घरचीचा एक फोटो काढून द्या. परक्या मानसापुढं ते बसत नाई, म्हनून आजवर तिचा फोटोच नाई. नलूनं त्याले दुकानाच्या बाहेर बसवलं अन् पडदा ओढला. वच्छलाबाई खुर्चीवर बसली, पदर डोक्यावरून जरासा मागं केला. आत काय बोलल्या दोघी, मले नाई सांगत. फोटो मात्र असा आला का मीच पाहत राह्यली.

ते गोष्ट आर्वीले गेली, तिथून सिंदीले, तिथून कुठी कुठी. आता लग्नवाले येते तं म्हनते फोटोवाल्या बाईलेच पाठवा. हळद, साखरपुडा, डोहाळजेवन, सगळं नलूचं. अन् दुपारी बाया येते. सासवा, आज्या, कोनाचा जल्मात फोटो नाई अशा. कोनी नवऱ्याले सांगून येते, कोनी न सांगता येते. त्याईचे केस मी सारखे करतो, कुंकू नीट लावून देतो, घाबरल्या तं बोलत ठेवतो. लग्नातबी मीच जातो संग. लोकायले उभं कराचं काम माहं. मी हलू नका म्हटलं का कोनी हलत नाई.

रूपरावचं प्लास्टर निघालं. तो म्हने आता कॅमेरा मले दे. नलू म्हने घ्या, तो तुमचाच हाय. मी म्हटलं, दुसरा घ्या, हा तिच्यापाशीच राहू द्या. बाप्यायकडं त्यानं जावं, बायायकडं तिनं. तो हासला, पन दुसऱ्या दिवशी वर्ध्याले जाऊन कॅमेरा पाहून आला.

तू बाळीले घेऊन ये. बसाले जागा भेटन का नाई ते सांगता येत नाई, दुकानापुढची वसरी बायाईनं भरेल राहते, पन तुह्यासाठी मी एक खुर्ची धरून ठेवीन. अन् दोघं नवराबायको माह्या मागं लागले का आई तुमचा एक फोटो काढू द्या. काल तं खुर्चीबी मांडली होती. मी म्हटलं, बाहेर चार बाया खोळंबून बसल्या, मले कुठी फुरसत हाय.

येन्याचं नक्की कळवजो, माया वाढती राहू दे.

तुही आई,
रुख्माबाई